लाल पेन, स्टार-डेल्टा आणि आमचं लग्न

आमचं कसं जमलं असं कुणी विचारलं की नवरा सांगतो, ठाण्यात तलावपाळीला. साफ खोटं. तलावपाळी, मासुंद्याकाठचे ते दगडी कठडे, कोपिनेश्वराच्या बाजूनं मारलेल्या चकरा हे सगळं नंतरचं. आम्ही पहिल्यांदा एकमेकांशी नीट बोललो ते वागळे इस्टेटमधल्या एका विजेचे कंट्रोल पॅनल बनवणाऱ्या कंपनीत, टेस्टिंगच्या जागेवर. मी हातात बझर घेऊन पॅनलसमोर उकिडवी बसले होते आणि हा वरच्या मजल्यावरून तरातरा खाली आला होता, की माझ्या ड्रॉइंगवर लाल पेन कोणी चालवलं?

साल २००१. आता जिथे काचेच्या बिल्डिंगी आणि गळ्यात पट्टा लटकवलेली पोरं दिसतात तिथे तेव्हा पत्र्याच्या शेडच शेड होत्या, आणि रोड नंबर २२ च्या सर्कलपासून आत वळलं की कूलंटचा आणि तापलेल्या लोखंडाचा एक वास यायचा, मला तो अजून आवडतो. मी डिप्लोमा इलेक्ट्रिकल. आमच्याकडे डिझाइनवाले वर एसीत बसून ड्रॉइंग काढायचे, खाली वायरमन त्याप्रमाणे वायरिंग करायचे, आणि शेवटी आम्ही टेस्टिंगवाले एकेक वायर घंटी मारून बघायचो, मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावायचो, मग सप्लाय देऊन चालवून बघायचो. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार. त्यात मी बाई, वय बावीस. काय लोकप्रियता असेल विचार करा.

त्या दिवशी एका मोठ्या पंपाचं स्टार-डेल्टा पॅनल होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, कंटाळा आला तर पुढे जा. मोठी मोटर एकदम डायरेक्ट चालू केली तर सुरुवातीला सहा-सात पट करंट ओढते, म्हणून आधी तिला स्टारमध्ये जोडतात, त्यात लाईनचा करंट एक तृतीयांशावर येतो, आणि मोटरनं वेग घेतला की काही सेकंदांनी टायमर स्टार सोडतो आणि डेल्टा घेतो. गंमत अशी की स्टार आणि डेल्टाचे कॉन्टॅक्टर (कॉइलला वीज मिळाली की आत खेचले जाणारे मोठे स्विच) चुकून एकाच वेळी आत आले तर तिन्ही फेज एकमेकांना भिडतात, सरळ शॉर्ट, भडका. म्हणून स्टारचा एक एनसी पॉइंट (एरवी जोडलेला, कॉन्टॅक्टर आत आला की तुटणारा) डेल्टाच्या कॉइलमध्ये घालतात आणि डेल्टाचा स्टारच्या. एक आत असेल तर दुसरा येऊच शकत नाही. याला इंटरलॉक म्हणतात.

तर त्या पॅनलमध्ये डेल्टाच्या बाजूचा इंटरलॉकच नव्हता. माझा पहिला संशय वायरमनवर, कारण आमच्याकडे पद्धतच ती, काही चुकलं की वायरमन. वायरमन काका पन्नाशीचे, कोकणातले, शांतपणे म्हणाले, "ताई, ड्रॉइंग बघा की आधी. त्यात वायरच नाही तर मी कुठून घालू?" बघितलं तर खरंच नाही. मग मी लाल पेननं ड्रॉइंगवर तो एनसी पॉइंट काढला, गोल केला आणि बाजूला लिहिलं, "हा कुठाय?" थोडं उद्धट होतं, मान्य.

हा आला, ओरडला, मी काही न बोलता ड्रॉइंग समोर धरलं. त्यानं बोट ठेवून कॉइलपासून मागे मागे जात पूर्ण सर्किट बघितलं. मग परत एकदा बघितलं. आणि वायरमन काकांच्या देखत म्हणाला, "चुकलंय. माझंच चुकलंय."

बस. ते तीन शब्द. लोक डोळ्यांत पडतात, आवाजात पडतात, मी याच्यात पडले. त्या कंपनीत मला दीड वर्ष झालं होतं आणि तोपर्यंत एकाही पुरुषाच्या तोंडून मी हे वाक्य ऐकलं नव्हतं. मी चूक काढली की मला "बघू", "असं चालतं", "कस्टमरनं असंच मागितलंय", "मॅडम तुम्ही नवीन आहात" यापैकी एक उत्तर मिळायचं, आणि दोन दिवसांनी ती चूक गुपचूप दुरुस्त झालेली असायची. कुणी केली, का केली, काही नाही. आपोआप बरं झालेलं पॅनल!

हे मला नवीन होतं अशातला भाग नाही. डिप्लोमाला अॅडमिशन मिळाली तेव्हा बिल्डिंगमधल्या काकू म्हणाल्या होत्या, मुलींच्या ३० टक्क्यांतून लागली असेल. माझा नंबर तसाही ओपनमध्ये लागत होता, पण ते सांगत कुठे फिरणार. नोकरी लागली तर बाबांच्या ओळखीनं, कारण बाबा वागळेतच दुसऱ्या एका कंपनीत टर्नर. पगार वाढला तर साहेब मऊ मनाचे म्हणून. मी काहीतरी स्वतः केलं असेल ही शक्यता लोक सगळ्यात शेवटी तपासायचे. बाबा मात्र वेगळे. ते युनियनवाले, सुरेखा यादवांचं उदाहरण सारखं द्यायचे. सुरेखाबाई साताऱ्याकडच्या, कराडच्या पॉलिटेक्निकचा इलेक्ट्रिकल डिप्लोमा, म्हणजे शिक्षणानं अगदी माझ्याच जातीच्या, आणि आशियातली पहिली बाई ट्रेन ड्रायव्हर. सुरुवातीला वाडीबंदर ते कल्याण मालगाडीवर होत्या, म्हणजे आमच्या ठाण्यावरूनच जायच्या. लेडीज स्पेशल, डेक्कन क्वीन, वंदे भारत सगळं चालवून २०२५ मध्ये रिटायर झाल्या. त्यांचे मिस्टर पोलिसात, त्यामुळे गाडी खरी नवराच चालवतो असं म्हणायची सोय कुणालाच नव्हती. हा मुद्दा माझ्या लक्षात फार उशिरा आला.

आता त्या ड्रॉइंगचं पुढे काय झालं ते. प्रत्येक ड्रॉइंगच्या खाली उजव्या कोपऱ्यात एक चौकट असते, कोणी काढलं, कोणी चेक केलं, कोणी अप्रूव्ह केलं. आणि तिच्यावर रिव्हिजनचे रकाने, काय बदललं, तारीख, आद्याक्षरं. माझ्या लाल खुणेनंतर दुसऱ्या दिवशी नवीन प्रिंट खाली आली. "रिव्हिजन १, इंटरलॉक अॅडेड." आद्याक्षरं याची. मला तेव्हा काहीच वाटलं नाही हो, उलट मी त्या आद्याक्षरांकडे बघून लाजत होते, वय तसं होतं. ते ड्रॉइंग पुढे कंपनीचं स्टँडर्ड झालं, त्यावरून किती पॅनल बनले देवाला माहीत.

मग वर्षभर ड्रॉइंग वर-खाली करत राहिली. मी लाल पेननं खुणा करायचे, हा उत्तर पेन्सिलनं लिहायचा. एकदा एका टर्मिनलच्या बाजूला त्यानं लिहिलं होतं, "मामलेदारची मिसळ, शनिवारी?" मी त्याच्यापुढे लिहिलं, "फेरूल नंबर चुकलाय." पण गेले.

दीड वर्ष आम्ही कुणाला कळू दिलं नाही. शॉपमध्ये कडक अहो-जाहो. "तुम्ही हे बघितलंत का", "तुमचं ड्रॉइंग आलं का". आणि एक दिवस, अगदी घाईचा दिवस, कस्टमर इन्स्पेक्शनला गेटवर येऊन उभा, आणि पॅनलमध्ये तीच जुनी चूक, टायमरचा पॉइंट उलटा, तर माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे तू परत तेच केलंस!"

तू.

वायरमन काकांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. बाजूचा हेल्पर पोरगा खोकला. मी "तुम्ही" असं दुरुस्त करायला गेले तर आणखीनच वाट लागली. अकरा वाजता हे झालं आणि जेवणाच्या सुट्टीत अकाउंट्समधल्या ताई, ज्यांच्या ड्रॉवरमध्ये लेडीज टॉयलेटची एकमेव किल्ली असायची (पहिल्या मजल्यावर, ऑफिसच्या बाजूला, शॉपमध्ये नव्हतंच, म्हणून आम्ही पाणी कमी प्यायचो), त्या किल्ली देताना म्हणाल्या, "पेढे कधी?"

पेढ्यांचं सोडा. कामाचं काय झालं ते ऐका. याचं पॅनल मी पास केलं की "घरचंच पॅनल आहे, पास होणारच." नापास केलं की "काल भांडण झालं वाटतं." दुसऱ्या डिझायनरचं नापास केलं की "याला वर चढवायला त्याला पाडलं." म्हणजे एनसी पॉइंट, फेरूल, टॉर्क, मेगरचं रीडिंग, याचा कशाशी काही संबंधच उरला नाही. मेगर काही कुणाच्या प्रेमात नसतो, इन्सुलेशन खराब असेल तर खराबच दाखवतो. पण माझ्या हातातल्या मेगरवर आता कुणाचा विश्वास नव्हता. आणि याच्यावर काय परिणाम? काही नाही. त्याची ड्रॉइंग ड्रॉइंगच राहिली. उलट मुलगा आता सेटल होतोय म्हणून त्याला ग्रुप लीडर केलं.

लग्न ठरलं तसं साहेबांनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला. म्हणाले, अभिनंदन वगैरे, पण डिझाइन आणि टेस्टिंग नवरा-बायकोकडे असणं बरं दिसत नाही, कस्टमर उद्या विचारेल. (हा मुद्दा चुकीचा नव्हता, हे मी आज क्वालिटीची हेड म्हणून सांगते. ज्यानं केलं त्याच्या घरच्यानं तपासू नये.) मग म्हणाले, "आम्ही कुणालाच जा म्हणत नाही. तुम्ही दोघं ठरवा." आणि बोलताना बघत होते माझ्याकडे. कंपनीलाही इंटरलॉक होता म्हणायचा, एकच आत राहणार, फक्त कॉइल कुणाची सुटणार हे आधीच ठरलेलं. हा टेबलाकडे बघत होता. टेबलावर सनमायका होता, त्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

बाबांना सांगितलं तर ते उसळले. त्यांना असल्या केसेस पाठ. १९६५ साली सुप्रीम कोर्टानं मुंबईच्याच एका औषध कंपनीचा नियम मोडीत काढला होता, तिथे पॅकिंगच्या खात्यातल्या मुलीचं लग्न झालं की नोकरी आपोआप जायची. कंपनीचं म्हणणं, लग्न झालेल्या बायका रजा फार घेतात. कोर्ट म्हणालं, हे काही पटण्यासारखं कारण नाही. आणि केस लढवली होती युनियननं. पुढे १९७९ मध्ये परराष्ट्र खात्यातल्या सी. बी. मुथम्मांच्या केसमध्ये कोर्टानं सरकारला झापलं, कारण तिथे बाई अधिकाऱ्याला लग्न करायला लेखी परवानगी लागायची, पुरुषाला नाही. बाबा म्हणाले, "लेखी मागून घे. बाईनं जायचं असं लिहून द्या म्हणावं, मग बघतो." पण लेखी कोण देणार? साहेब तर म्हणाले होते तुम्ही ठरवा. नियम असता तर त्याच्याशी भांडता आलं असतं. "तुम्ही ठरवा" शी कसं भांडायचं? ते घरात येऊन बसतं.

मी राजीनामा दिला. नवी मुंबईत रबाळ्याला दीड हजार जास्त मिळत होते, मी सगळ्यांना तेच सांगितलं, स्वतःलाही.

लग्न २००४ च्या डिसेंबरात, आणि त्याच नोव्हेंबरात ठाणे-तुर्भे-वाशी लोकल सुरू झालेली. हा म्हणायचा, बघ, रेल्वेनं खास तुझ्यासाठी लाईन टाकली. त्याआधी ठाण्याहून तिकडे जायचं म्हणजे कळवा, विटावा, पावसात विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी आणि बस तिथेच उभी. लोकलनं ऐरोली आणि मग रबाळे, दहा-पंधरा मिनिटांत. नव्या कंपनीत पहिल्याच आठवड्यात एकानं विचारलं, "मिस्टरही पॅनल लाईनमध्येच ना? मग बरंय, अडलं की घरी विचारता येतं." मी हसले. खरी परिस्थिती अशी की रात्री जेवताना हा मला विचारायचा. अजून विचारतो. गेल्या महिन्यात सॉफ्ट स्टार्टरच्या बायपासवरून आमटी गार झाली.

मध्यंतरी राजेश्वरी चटर्जींबद्दल वाचलं. १९५३ मध्ये मिशिगनहून पीएचडी करून आल्या, बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकवायला लागल्या, त्याच विभागातल्या प्राध्यापकांशी लग्न केलं आणि दोघांनी मिळून मायक्रोवेव्हचं संशोधन उभं केलं. पुढे त्या विभागप्रमुख झाल्या. म्हणजे नवरा-बायको एका छताखाली राहूनही होऊ शकतं हे पन्नाशीच्या दशकात झालेलं होतं. पण त्याच संस्थेत त्याच्या वीस वर्षं आधी, १९३३ मध्ये, आपल्या जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींना, तेव्हाच्या भागवत, तिथले संचालक सी. व्ही. रामन बाई म्हणून घ्यायलाच तयार नव्हते, आणि घेतलं तेव्हा अटी घातल्या, त्यातली एक अशी की तिच्यामुळे तिथलं वातावरण बिघडता कामा नये. ही अट वाचून मी खूप वेळ तशीच बसले. पुरुषांचं लक्ष उडेल, आणि सांभाळायचं तिनं.

रबाळ्यात मी टिकले, वाढले. एक मोठी अडचण होती ती वेळेची. फॅक्टरी अॅक्ट १९४८, कलम ६६, बाईला सकाळी ६ ते संध्याकाळी ७ याच वेळात काम. कायदा काळजीपोटीच केला असेल, पण आमच्या धंद्यात महत्त्वाचं सगळं सातनंतर होतं. दिवसभर वायरिंग चालतं, संध्याकाळी पॅनल टेस्टिंगला येतं, कस्टमरला सकाळी पाहिजे असतं. मी पावणेसातला पर्स उचलायचे आणि माझ्याच पॅनलची शेवटची टेस्ट रात्री दुसरा कुणीतरी करायचा. रिपोर्टवर सही त्याची, ओव्हरटाइम त्याचा, आणि सकाळी कस्टमरच्या माणसाशी ओळखही त्याची. परत तेच आद्याक्षरांचं प्रकरण. महाराष्ट्रानं २०१५ मध्ये कायदा बदलला, वाहतूक, सुरक्षा वगैरे अटींवर बायकांना रात्री काम करायची परवानगी आली.

माझी पहिली नाइट छत्तिसाव्या वर्षी. मुलाला सात वर्षं पूर्ण, सासूबाई घरी, तरी निघताना अपराधी वाटलंच. रात्री दोन वाजता हाय व्होल्टेज टेस्ट, अडीच हजार व्होल्ट एक मिनिट धरून ठेवायचे. दिवसा शॉपमध्ये ग्राइंडर, क्रेन, आरडाओरडा असतो, त्यामुळे मला माहीतच नव्हतं की त्या एका मिनिटात पॅनल बारीक गुणगुणतं. पंधरा वर्षं टेस्टिंग करून मी तो आवाज पहिल्यांदा ऐकला. मग ठाणे-बेलापूर रोडवर टपरीवर कटिंग, समोरून टँकर चाललेले, आणि रिपोर्टच्या शेवटच्या पानावर माझी सही. घरी येऊन मी तो आवाज करून दाखवला तर हा म्हणाला, हो, रात्री येतो तसा. त्याला कायमच माहीत होता तो.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी मी हे लिहायला बसले आणि उगाच एवढं फिरून आले.

माझ्या हाताखाली एक मुलगी आहे, सव्वीस वर्षांची, पीएलसीमध्ये (मशीन चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरच्या कामात) हुशार, नागोठणे, तारापूर कुठेही एकटी साइटवर जाते, हेल्मेट घालून केबल ट्रेवर चढते. प्रोजेक्ट्समधल्या एका मुलाबरोबर तिचं जमलंय हे मला मार्चमध्येच कळलं. कसं कळलं? "तू" वरून नाही, आजकाल सगळे सगळ्यांना तू म्हणतात. ती त्याच्या पॅनलच्या रिपोर्टवर जास्तच कडक झाली होती. मला हसू आलं, हा कडकपणा मला ओळखीचा.

तर मी काय केलं? मी, जिनं एवढं सगळं सोसलं असं मानते, मी तिला केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं आणि म्हणाले, "जरा जपून राहा गं. लोक बोलतात. तुझं काम चांगलं आहे, त्याला डाग नको."

तिनं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मॅडम, त्याला पण बोलावलंय का?"

नव्हतं बोलावलं. डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

"नाही, तो प्रोजेक्ट्समध्ये, माझ्याकडे रिपोर्ट करत नाही," असं काहीतरी मी पुटपुटले. ती "ओके मॅडम" म्हणून गेली. तिच्या "ओके" मध्ये राग नव्हता, मला राग परवडला असता.

जूनमध्ये दोघांनी लग्न ठरवलं. एचआरचा आता लेखी नियम आहे, एकमेकांचं काम तपासणाऱ्या जागांवर पती-पत्नी नकोत, दोघांपैकी एकाची बदली. दोघांपैकी एकाची, असंच लिहिलंय, बाबांना दाखवायला हवं होतं. सही क्वालिटी हेडची, म्हणजे माझी. मी मनात तिच्यासाठी जागासुद्धा शोधून ठेवली होती, ट्रेनिंगमध्ये, चांगली जागा, प्रवास नाही. आणि सोमवारी तो मुलगा अर्ज घेऊन आला. स्वतःच्या बदलीचा. सर्व्हिस डिपार्टमेंटला, जिथे महिन्यातले वीस दिवस बाहेर.

माझ्या तोंडून पहिलं वाक्य काय निघावं? "घरी विचारलंस का?"

तो म्हणाला, "कुणाला?"

संध्याकाळी हे घरी सांगितलं. हा भेंडी चिरत होता, रिटायरमेंटची प्रॅक्टिस चालू आहे त्याची. म्हणाला, "मग सही कर की, अडचण काय?"

मी म्हटलं, "तुला तेव्हा सुचलं होतं का असं?"

सुरी थांबली. वीस वर्षांत हा प्रश्न मी विचारला नव्हता. मला वाटलं म्हणेल, नाही सुचलं गं, तेव्हा असं काही नव्हतं. ते मला चाललं असतं, त्यावर मी जगतच होते.

"सुचलं होतं," तो म्हणाला. "केबिनमध्येच सुचलं होतं. पण तू काही बोलली नाहीस, आणि मला बरं वाटलं."

चुकलंय, माझंच चुकलंय, असं म्हणणारा हाच तो माणूस. वीस वर्षांनी का होईना, परत तेच म्हणत होता, फक्त या वेळी मी लाजले बिजले नाही. उठून दुसरी सुरी घेतली आणि उरलेली भेंडी चिरली. बोललो नाही फारसं. टीव्ही लावला.

दुसऱ्या दिवशी त्या मुलाच्या अर्जावर सही केली. रिमार्कच्या रकान्यात काहीतरी लिहावं लागतं, तर मी लिहिलं, "अर्जदाराच्या स्वतःच्या इच्छेनुसार. टेस्टिंगमधील इंजिनीअर आहे त्याच पदावर राहील." खाली तारीख आणि माझी आद्याक्षरं. अर्ध्या तासानं एचआरचा फोन आला, मॅडम, तुम्ही लाल पेननं सही केलीय, लाल चालत नाही, परत निळ्यानं करून द्या.